गारव्याचा हिशेब

उन्हाळा लागला की रस्त्याच्या कडेला कुंभारांचे माठ मांडले जातात. लाल माठ, काळे माठ, अलीकडे तोटी बसवलेले आणि वर रंगाने वेलबुट्टी काढलेलेही. घरात फ्रिज आहे अशी माणसंसुद्धा गाडी थांबवून किंमत विचारतात, बोटाने टिचकी मारून माठ वाजवून बघतात आणि एखादा घेऊन जातात. फ्रिजच्या पाण्याने तहान भागत नाही, घसा धरतो, असं कारण सांगतात. मला या माठाबद्दल वेगळंच कुतूहल वाटत आलं आहे. वीज घरात येण्याच्या हजारो वर्षं आधीपासून माणूस पाणी, दूध, भाजीपाला गार ठेवत आला. तो हे कसं करत होता आणि त्या गारव्याची किंमत कोण मोजत होतं, याचा इतिहास आज थोडक्यात पाहू या.

आधी माठात काय घडतं ते समजून घेऊ. इंजेक्शन देण्यापूर्वी डॉक्टर दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवतात, तेव्हा तेवढी जागा थंडगार लागते. स्पिरिट काही थंड नसतं, ते खोलीतल्याच बाटलीतून काढलेलं असतं. पण उडून जाताना ते त्वचेतली उष्णता घेऊन जातं. माठाचंही तसंच आहे. मातीच्या भिंतीत डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात. त्यांतून पाणी हळूहळू पाझरतं, माठाचं अंग ओलं राहतं, आणि ती ओल हवेत उडून जाताना आतल्या पाण्यातली उष्णता ओढून नेते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. उलट एक ग्रॅम पाणी एका अंशाने गार करायचं, तर त्यातून एकच कॅलरी काढावी लागते. म्हणजे दहा लिटर पाणी दहा अंशांनी गार व्हायचं, तर हिशेबाने पावणेदोनशे ग्रॅम, साधारण एक फुलपात्रभर पाणी उडून गेलं की पुरे. बाहेरच्या हवेची उष्णता सतत आत शिरत असते, त्यामुळे प्रत्यक्षात याहून जास्त पाणी खर्ची पडतं. पण तत्त्व एवढंच आहे. थोडं पाणी जातं आणि उरलेलं गार होतं.

यासाठी हवा मात्र कोरडी लागते. मे महिन्यात नागपूरला पारा ४४ अंशांवर असतो आणि हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास, तेव्हा ओल्या फडक्याने गुंडाळलेला तापमापक जवळजवळ २५ अंशांपर्यंत खाली उतरतो. त्याच दिवसांत मुंबईत ३४ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर तोच तापमापक २९ अंशांच्या खाली जायला तयार नसतो. मुंबईची हवा आधीच पाण्याने भरलेली असते, तिला आणखी ओल नको असते. माठाला सावली हवी, वारा हवा आणि कोरडी हवा हवी. म्हणून माठातल्या पाण्याची खरी गोडी विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात, देशावर. आणि म्हणूनच विदर्भात घरोघरी कूलर दिसतो तसा कोकणात दिसत नाही. कूलर म्हणजे तरी काय? पंखा लावलेला माठच तो.

हे भौतिकशास्त्र कुंभाराला पुस्तकातून कळलेलं नव्हतं, पण ते त्याच्या हातात होतं. माठाच्या मातीत तो राख आणि घोड्याची लीद मिसळतो. भट्टीत लीद जळून जाते आणि तिच्या जागी बारीक छिद्रं उरतात. भाजणं जास्त झालं तर छिद्रं बुजतात, कमी झालं तर माठ ठिसूळ होतो आणि गळतो. दोन्हींच्या मधला नेमका ताव साधणं हे त्याचं कसब. माठ वापरत गेलं की पाण्यातले क्षार छिद्रांत साठतात आणि बाहेरून पांढरी पुटं धरतात. मग पाणी पूर्वीसारखं गार होत नाही. दर उन्हाळ्यात नवा माठ घेण्याची रीत पडली ती यामुळेच. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला कुंभ दान देतात, खानदेशात आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतात, तो काळही नेमका वैशाखाचा. ज्यांना बाहेरून तैलरंगाने रंगवलेले माठ आवडतात त्यांना मी एवढंच सांगेन की, रंगाने छिद्रं बुजतात. असा माठ शोभेला ठीक आहे, पाण्याला नाही.

माठ हे या विद्येचं सर्वांत ठळक रूप, पण घरात ती इतर ठिकाणीही होती. परातीत पाणी घालून त्यात दुधाचं पातेलं ठेवायचं, पातेल्याला ओलं फडकं गुंडाळायचं आणि त्याची टोकं परातीतल्या पाण्यात सोडायची. फडकं आपोआप पाणी वर ओढत राहतं आणि दूध रात्रीपर्यंत टिकतं. लोण्याचा गोळा पाण्यात, कोथिंबिरीची जुडी ओल्या कापडात, विड्याची पानं भिजवलेल्या तागाच्या तरटात. प्रवासात जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी, म्हणजे छागल. ट्रकच्या पुढच्या बाजूला किंवा रेल्वेच्या खिडकीबाहेर टांगलेली छागल माझ्या पिढीने पुष्कळ पाहिली आहे. गाडी जितकी जोरात जाईल तितकं पाणी गार. माठाचा रांजण झाला, सुरई झाली, पखाल झाली, छागल झाली, तरी तत्त्व एकच.

आता इतिहासाकडे वळू. वाटसरूला पाणी पाजणं हे आपल्याकडे फार जुनं पुण्यकर्म. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्यात त्याने केलेल्या दानांची यादी आहे. पारदा, दमण, तापी, डाहाणुका अशा नद्यांवर त्याने फुकट नावांची सोय केली आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर सभा आणि प्रपा उभारल्या, असं त्यात कोरलं आहे. सभा म्हणजे विसाव्याची जागा आणि प्रपा म्हणजे पाणपोई. उत्तर कोकणातून आणि गुजरातेतून जाणारे व्यापारी, यात्रेकरू, बैलांचे तांडे नदीशी अडत, विसावत, पाणी पीत आणि पुढे जात. एका राजपुरुषाला आपल्या कीर्तीच्या लेखात हे पाणी नोंदवावंसं वाटलं, यातच त्याचं मोल कळतं.

राजदरबारात गारवा ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त बादशहाच्या आबदारखान्यावर, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या खात्यावर, स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे. अकबर गंगेचं पाणी पीत असे. आग्रा-फत्तेपूरला मुक्काम असताना ते सोरोंहून येई, पंजाबात असताना हरिद्वारहून. ते गार करण्यासाठी सोरा वापरत. सुरईत एक शेर पाणी भरून तिचं तोंड बंद करायचं. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकायचा आणि त्यात ती सुरई पाव तास फिरवत राहायची. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो. हा प्रकार बाष्पीभवनाचा नव्हे, पण त्याचा खर्च बघा. एक शेर गार पाण्यासाठी अडीच शेर सोरा, तोही बंदुकीच्या दारूत लागणारा! १५८६ पासून, दरबार लाहोरला असताना, उत्तरेच्या डोंगरांतून बर्फही येऊ लागला.

औरंगजेबाच्या काळात हिंदुस्थानात राहिलेला फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निए याने प्रवासातली युक्ती नोंदवली आहे. कथलाच्या सुरईला ओलं कापड गुंडाळायचं आणि चालता चालता नोकराने ती हातात घेऊन हलवत राहायची. मुक्कामाला पोहोचल्यावर ती तीन काठ्यांच्या तिवईवर, जमिनीला न टेकवता, वाऱ्यावर ठेवायची. कापडाची ओल आणि वाऱ्याची हालचाल या दोन्ही गोष्टी असल्याशिवाय पाणी गार राहत नाही, हे त्याने बरोबर टिपलं. माठ तिवईवर का ठेवतात, या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. बूडही उघडं राहिलं की चारी बाजूंनी वारा लागतो.

पुढे इंग्रज आले. हिंदुस्थानातल्या उन्हाळ्याने ते हैराण झाले आणि इथल्याच युक्त्या त्यांनी उचलल्या. दारं-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागल्या. वाळ्याची मुळं सुगंधी आणि पाणी धरून ठेवणारी. ताटी ओली ठेवली की आत येणारी झळ गार आणि सुवासिक होऊन येते. पण ताटी आपोआप ओली राहत नाही. बाहेर उन्हात उभं राहून दिवसभर तिच्यावर पाणी मारणारा माणूस लागतो. पाणी आणणारा पखालवाला भिश्ती वेगळा, आत पंखा ओढणारा वेगळा आणि सुरया गार करणारा आबदार आणखी वेगळा. एका साहेबाच्या खोलीत गारवा यायला बाहेर चार माणसं घामाघूम होत. त्यांच्या शरीरांवरचा घामही त्याच निसर्गनियमाने वाळत होता, ही गोष्ट निराळी.

याच काळात अलाहाबादेत उघड्या मैदानावर बर्फ तयार होत असे, हे ऐकून आज आश्चर्य वाटेल. सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याची हकिगत कळवली. सुमारे तीस फूट लांबरुंद आणि दोन फूट खोल खड्डे खणत. त्यांत उसाची चिपाडं किंवा मक्याची वाळलेली ताटं अंथरत आणि त्यांवर उथळ, कच्च्या मातीच्या, पाझरणाऱ्या ताटल्या ओळीने मांडत. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री त्यांत उकळून निववलेलं पाणी भरायचं आणि सूर्य उगवायच्या आत बर्फाचे पापुद्रे गोळा करायचे. हवेचं तापमान गोठणबिंदूपर्यंत उतरलेलं नसतानाही पाणी गोठे. पुष्कळांना वाटलं, ही सगळी बाष्पीभवनाची करामत. १८१४ साली दवावरच्या आपल्या निबंधात विल्यम वेल्स यांनी दाखवलं की, रात्री निरभ्र आकाशाकडे उष्णता निघून जाते, तिचा त्यात मोठा वाटा असतो. इथल्या मजुरांनी पिढ्यान्‌पिढ्या साधलेल्या युक्तीने युरोपातल्या विद्वानांना असा विचार करायला लावला.

तिकडे प्रयोगशाळेतही हाच प्रश्न चालू होता. स्कॉटलंडच्या विल्यम कलन यांनी १७५६ साली द्रव उडून जाताना निर्माण होणाऱ्या थंडीवर निबंध प्रसिद्ध केला. १७५८ साली बेंजामिन फ्रँकलिन आणि जॉन हॅडली यांनी केंब्रिजला एक प्रयोग केला. तापमापकाच्या फुग्यावर ईथर लावायचं आणि भात्याने वारा घालायचा. असं पुन्हा पुन्हा करत गेल्यावर पारा १८ अंश सेल्सियसवरून शून्याखाली १४ अंशांपर्यंत उतरला आणि फुग्यावर बर्फ जमला. भर उन्हाळ्यात माणूस गारठून मरू शकेल, असं फ्रँकलिनने एका पत्रात लिहून ठेवलं. आजचा फ्रिज याच वाटेने आला. त्याच्या नळ्यांत एक द्रव उडून वायू होतो आणि आतली उष्णता ओढून घेतो. कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो, मागच्या जाळीत ती उष्णता बाहेर टाकली जाते आणि पुन्हा द्रव तयार होतो. माठातून गेलेलं पाणी परत येत नाही, फ्रिजमधला द्रव परत परत वापरला जातो. फरक असेल तर हा, आणि तो द्रव परत आणायला लागणाऱ्या विजेचा.

मधल्या काळात बर्फ जहाजाने आला. १८३३ च्या सप्टेंबरात बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचं जहाज अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ घेऊन कलकत्त्याला लागलं. १८० टन भरला होता, त्यातला सुमारे १०० टन पोहोचला. पुढे मुंबईतही बर्फघर उभं राहिलं. यंत्रावर बर्फ होऊ लागल्यावर हा व्यापार संपला. भारतात फ्रिज तयार होऊ लागला तो १९५८ साली, गोदरेजच्या कारखान्यात. तो मध्यमवर्गाच्या घरात पोहोचायला आणखी दोन-तीन दशकं गेली. तोवर ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे माठ, रांजण आणि सुरई.

माठ गरिबालाही परवडत होता. मग गार पाणी सगळ्यांना मिळत होतं का? माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि त्याचं उत्तर 'नाही' असं आहे. माठाच्या भिंतीतून पाणी पाझरत होतं, पण समाजाच्या भिंतीतून नाही. पाणपोई पुण्याची, पण तिथेही काहींना ओंजळ पुढे करून वरून ओतलेलं पाणी प्यावं लागे आणि काहींना तेही मिळत नसे. रेल्वेच्या फलाटांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी अशा वेगवेगळ्या पाट्या असत. महात्मा फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, ही घटना म्हणूनच साधी नव्हती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लहानपणच्या आठवणी लिहिल्या आहेत. शाळेत तहान लागली की इतर मुलं जाऊन नळ उघडून पाणी पीत. भीमरावांसाठी शिपायाने नळ उघडावा लागे. शिपाई नसला तर पाणी नाही. १९०१ साली वडिलांकडे जाण्यासाठी ते घरातल्या इतर मुलांबरोबर मसूर स्टेशनवर उतरले आणि बैलगाडीने निघाले. बरोबर खायला होतं, पण वाटेत कुणी पाणी दिलं नाही आणि मुलांना तसंच झोपावं लागलं. ते दिवस उन्हाळ्याच्या सुट्टीचे होते. त्या रस्त्यावर माठ नव्हते असं नाही. ते या मुलांसाठी नव्हते.

पुढे ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने तो मान्य केला, पण चवदार तळ्यावर जायची हिंमत कुणाला होईना. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, दावा कोर्टात गेला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात निकाल बाजूने लागला. घटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तळी, घाट यांचा नावाने उल्लेख का आहे, ते या पार्श्वभूमीवर समजतं.

या हिशेबात आणखी एक खातं आहे, बायकांच्या श्रमांचं. माठातलं पाणी स्वयंपाकघरात उगवत नाही. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर, तिच्यावर कळशी, असं ते विहिरीवरून, नदीवरून आलेलं असतं. पाहुण्याला गुळाचा खडा आणि गार पाण्याचा तांब्या देण्याची आपली रीत सुंदर आहे, पण त्या तांब्यामागे पहाटेपासूनच्या किती खेपा आहेत हे पाहुणा विचारत नसे. नळ आला तेव्हा गावातल्या बाईचं आयुष्य जितकं बदललं तितकं फ्रिजने बदललं नाही, असं मला वाटतं.

मग आज या जुन्या विद्येचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो फ्रिजच्या जागी नव्हे, तर फ्रिज जिथे पोहोचत नाही तिथे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात विजेशिवाय चालणारी शीतकोठी तयार केली. विटांच्या दोन भिंती, त्यांच्यामध्ये साडेसात सेंटिमीटरची फट, फटीत वाळू आणि वर वाळ्याचं किंवा गवताचं झाकण. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं की उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी कमी राहतं आणि दमटपणा ९० टक्क्यांच्या आसपास. शेतकऱ्याची भाजी काही दिवस जास्त टिकते, म्हणजे पडेल त्या भावात ती त्याच संध्याकाळी विकायची वेळ टळते. नायजेरियात मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने एका मडक्यात दुसरं मडकं, मध्ये ओली वाळू, अशी साधी जोडी गावोगाव पोहोचवली. तिच्यात वांगी तीन दिवसांऐवजी सत्तावीस दिवस टिकली. या कामाबद्दल त्यांना २००० साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. गुजरातेत वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापती यांचा माल २००१ च्या भूकंपात फुटला. फुटलेल्या माठाला वर्तमानपत्राने गरिबाचा फ्रिज म्हटलेलं त्यांनी वाचलं, ते त्यांच्या मनात राहिलं आणि २००५ साली त्यांनी मातीचाच फ्रिज घडवला. वरच्या कप्प्यात पाणी, खाली भाजी आणि दूध.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मांस-मासे, लशी, इन्शुलिन यांच्यासाठी माठाच्या गारव्यावर विसंबून चालणार नाही. पावसाळ्यात आणि समुद्रकाठी ही साधनं फारशी चालत नाहीत. आणि ती पाणी खातात. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात कूलरला रोज बादल्या-बादल्या पाणी ओतणं ही चैन आहे. त्या मानाने माठ फार कमी पाण्यात भागवतो.

उन्हाळे आता अधिक कडक होत चालले आहेत. २०१० च्या जीवघेण्या उष्म्यानंतर अहमदाबाद महापालिकेने २०१३ साली उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला. त्यात हवामानाच्या इशाऱ्यांबरोबर पिण्याच्या पाण्याची सोयही होती. पुढे इतर शहरांनीही असे आराखडे केले. त्यात आपल्याला हातभार लावायचा असेल तर फार काही करावं लागत नाही. आपल्या फाटकाबाहेर, सावलीत, तिवईवर एक बिनरंगाचा माठ ठेवावा. रोज घासावा, भरावा, झाकावा, लांब दांड्याचं ओगराळं ठेवावं. झाडलोट करणारी बाई, घरपोच वस्तू आणून देणारा मुलगा, रखवालदार, रस्ता खणणारे मजूर, सगळ्यांनी त्याच माठातलं, त्याच ओगराळ्याने प्यावं. आणि तो भरायची पाळी घरातल्या पुरुषांवरही यावी.